केझायाच्या हातचं मीठ

माझी बायको केझाया गेल्या हिवाळ्यात वारली. उन्हाळ्यात हडसन नदीवरच्या छावणीतून निरोप आला, की आमच्या गावाहून सैन्यासाठी गेलेलं खारवलेलं डुकराचं मांस सडकं निघालं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं काम गावानं केलं.

मी पिंपं करतो. ओकच्या फळ्या तासायच्या, वाफेवर वाकवायच्या आणि कड्यांत आवळायच्या, हेच मी बापाकडून शिकलो. त्या पिंपांत मांस खारवायचं काम केझाया करायची. लढाई सुरू झाल्यापासून कनेक्टिकटमधल्या प्रत्येक गावाला सैन्यासाठी मांसाचा वाटा द्यावा लागतो. इंग्रजांची जहाजं समुद्र अडवून बसल्यामुळं मीठ मिळणं कठीण झालंय. म्हणून मीठ गाव आणतं आणि ज्या घरांतल्या बायका खारवण्यात चांगल्या, त्या घरांना वाटून देतं. आमचं घर त्यांत पहिलं असायचं.

खारवायची रीत सगळीकडे एकच. मांसाचा एक थर, मिठाचा एक थर, असं पिंप भरायचं आणि वरून मिठाचं दाट पाणी, म्हणजे खारवणी, काठोकाठ ओतायची. खारवणी जमली की नाही हे बघायला बाकीच्या बायका तिच्यात अंडं सोडतात. अंडं तरंगलं की जमली. केझाया अंडं सोडायची नाही. बोट बुडवून जिभेला लावायची. "अंड्याला काय कळतंय? ते थोडंच खाणार आहे," म्हणायची.

शेवटचं पिंप तिनं भरलं तेव्हा तिच्या अंगात ताप होता आणि तोंडाची चव गेली होती. हे गावाला ठाऊक होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. डीकन रूट यांच्या घरी भाकर खाताना ती त्यांच्या बायकोला म्हणाली होती, "थँकफुल, राग मानू नकोस, पण तुझी भाकर मला आज भुशासारखी लागतेय." त्यानंतर फार दिवस ती जगली नाही.

निरोप आला त्या रविवारी दोन प्रवचनांच्या मधल्या वेळात आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो. थँकफुल रूट यांनीच विषय काढला.

"मी काही तिला नावं ठेवत नाही हो," त्या म्हणाल्या. "तिच्यासारखी बाई या गावात झाली नाही. पण तापातल्या बाईनं खारवणीत हात घालू नये, हे माझ्या आजीच्याही आधीपासून चालत आलंय. हात फिरला की खारवणी फिरते."

"सडलं ते सगळ्यांचंच सडलंय," मी म्हणालो. "तुमचंसुद्धा."

"माझं उगीच सडेल का? त्या दिवशी मला खारवणी कमी पडली म्हणून तिच्याच कढईतली आणली. लूमिसांकडेही तिच्याच कढईतली गेली. एकीकडून दुसरीकडे लागत जातं ते."

"माझी पिंपं गळली असतील. दोष माझा असेल."

डीकन रूट आमच्या चर्चचे वडीलधारे. फार कमी बोलतात. ते म्हणाले, "ॲसाहेल, तुझं पिंप गळलेलं या गावात कुणी पाहिलेलं नाही."

हे ते चांगल्या मनानं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपलं काम जरा वाईट असतं तर बरं झालं असतं.

मग थँकफुलबाई खऱ्या गोष्टीवर आल्या. "तुझ्या टेम्पीनं यंदा खारवणं राहू द्यावं. तिच्या वाटचं मीठ दुसऱ्या घरी देऊ. हात आईकडून लेकीकडे येतो. मी असं म्हणत नाही की आलाच असेल. पण छावणीतून पुन्हा असा निरोप आला तर गावाचं तोंड काय राहील?"

माझी मुलगी टेम्पी आमच्या मागच्याच पायरीवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं. घरी आल्यावर मात्र तिनं चुलीतली राख अशी काही उपसली, की मी दार उघडून उभा राहिलो.

"आई मेली, आणि तिचा हात म्हणे मला लागला," ती म्हणाली. "आता जन्मभर मी दुसऱ्यांच्या घरचं खारं खायचं."

"मी छावणीत जाऊन बघतो."

"काय बघणार आहात बाबा तुम्ही? सडकं मांस?"

"हो."

लोकांना वाटलं मी बायकोचं नाव राखायला निघालो. तेही होतंच, आणि टेम्पीचं पुढचं होतं. पण त्याहून जास्त म्हणजे मला जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं त्या हातानं भरलेलं एकही पिंप बिघडलं नाही. असा हात तापानं खरंच बिघडतो का? बिघडत असेल तर बिघडतो. पण मी तिचा नवरा. मला ते ठाऊक असायला हवं. गावानं पायरीवर बसून ठरवलेलं मला पुरेना.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा झेडॉक लूमिसची बैलगाडी छावणीकडे निघाली. वसंतात आमची पिंपं त्यानंच नेली होती. या खेपेला गाडीत शॅड मासे होते, नदीत वर चढताना पकडून थँकफुलबाईंनी खारवलेले. मी त्याला म्हणालो, मीही येतो.

"ये की," झेडॉक म्हणाला. "बैलांशी बोलून बोलून मी कंटाळलोय. त्यांना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्यात."

झेडॉक मोठा बडबड्या माणूस. चालताना त्यानं मला स्टार आणि ब्राइट या त्याच्या दोन्ही बैलांची वंशावळ सांगितली, मग स्वतःची सांगितली, आणि बैलांची जास्त चांगली होती. रस्त्यात गवत नव्हतं. सैन्याची जनावरं पुढं गेली होती, त्यांनी सगळं चरून टाकलं होतं. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. झेडॉक त्यांना चाबूक लावत नसे. नुसता बोलत असे.

लिचफील्डच्या पलीकडे एक मोठा चढ लागतो. त्याच्या पायथ्याशी झेडॉकनं गाडी थांबवली, गाडीखालच्या पेटीतून हातोडी आणि गिरमिट काढलं आणि एका पिंपाचं खालचं कडं ठोकून थोडं वर सरकवलं. मला वाटलं कडं सैल झालं असेल. मी मदतीला पुढं झालो, तर त्यानं कड्याखालच्या फळीला गिरमिट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली.

"काय करतोयस?"

"हलकं करतोय."

"काय हलकं करतोयस?"

"गाडी. या चढावर ओढणार कोण, तू?"

गिरमिट बाहेर आलं आणि मागोमाग खारवणीची धार उडाली. दोन्ही बैलांनी एकदम माना वळवल्या. त्यांना ते ठाऊक होतं. झेडॉकनं जू सोडून त्यांना मागं आणलं, आणि ते धुळीत पडलेलं खारं पाणी चाटायला लागले.

"बघ कसे खूश होतात," तो म्हणाला.

"झेडॉक, ती खारवणी आहे."

"पाणीच ना? नदीकडे पाणी वाहून नेणारा शहाणा मी अजून पाहिला नाही. हडसन काय आटलीय?"

"मासे सडतील."

"खारवलेला मासा कसा सडेल? मीठ आत मुरलंय की. कापड रंगवून झाल्यावर रंगाचं पाणी कुणी जपून ठेवतं का? तुझी बायको ठेवायची?"

त्याच्या तोंडावर लबाडीचा मागमूस नव्हता. माझ्यादेखत, पिंपं करणाऱ्याच्या देखत, तो पिंपाला भोक पाडत होता आणि मला त्यामागचा विचार समजावून सांगत होता.

"आणि मी पिंप रिकामं देत नाही बरं," तो पुढं म्हणाला. "छावणीच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथं पुन्हा काठोकाठ भरतो, भोकात खुंटी मारतो, कडं खाली घेतो. पिंप खळखळलं तर तिथला कोठीवाला कटकट करतो. सगळेच गाडीवान करतात हे. मला एका मॅसॅच्युसेट्सवाल्यानं शिकवलं."

मी अंगठ्यानं भोक दाबून धरलं होतं. तसंच विचारलं, "वसंतातही असंच केलंस?"

"वसंतात तर चिखल होता. चाकं आसापर्यंत रुतत होती. तेव्हा सगळीच सोडली."

"केझायाचीसुद्धा?"

"मी माणसामाणसांत फरक करत नाही," झेडॉक म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्यानं गिरमिट पेटीत टाकलं.

मी एक खुंटी तासून भोक बुजवलं. उरलेल्या पिंपांना मी त्याला हात लावू दिला नाही. आम्ही निम्मी पिंपं उतरवून रस्त्याकडेला ठेवली, निम्मी वर नेली, मग परत येऊन उरलेली नेली. सगळा दिवस त्यातच गेला. झेडॉक वर जाईपर्यंत कुरकुरत होता, की थँकफुल रूटच्या माशांसाठी आपण दोनदा डोंगर चढतोय हे तिला कळायला पाहिजे.

वर पोचल्यावर बैल बसले, आम्हीही बसलो. मांस का सडलं ते मला कळलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्यासाठी निघालो होतो ते तर कळलंच नव्हतं. पुरानं सगळीच घरं नेली, तर पाया कुणाचा कच्चा होता ते कसं कळणार? पाणी सोडलेलं प्रत्येक पिंप सडणारच, मग हात चांगला असो की फिरलेला.

"तू रागावलायस," झेडॉक म्हणाला.

"रागावलोय. पण मी दुसराच विचार करतोय."

"कसला?"

"तिच्या हाताचा."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या मानानं हे फार होतं.

छावणीत पोचलो तेव्हा दुपार होती. मोकळ्या जागेत जिकडेतिकडे लहान लहान चुली पेटल्या होत्या आणि प्रत्येक चुलीभोवती पाच-सहा शिपाई रिकाम्या भांड्याकडे बघत बसले होते. कुठल्या गावाहून आलात असं एकानं विचारलं. झेडॉकनं सांगितलं.

"अरे, हे ते गाव," तो शिपाई बाकीच्यांना म्हणाला. "तुमच्या मांसानं आमच्या तंबूतले उंदीर पळाले, काका. आभारी आहोत."

"उंदरांनी नाही खाल्लं?" दुसरा म्हणाला. "उंदरांनाही घरदार असतं बाबा."

कोठीवरचा माणूस व्हॅन झांट नावाचा होता, हडसनकडच्या डच लोकांपैकी. वयानं तरुण, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखा. दिवसभर त्याच्याकडे कुणी ना कुणी काहीतरी मागायला येत असे, आणि त्याच्याजवळ ते नसे. त्यानं मासे तपासले, पिंपं वाजवून बघितली, आणि पहिल्यांदाच बरं वाटल्यासारखा चेहरा केला.

मी वसंतातल्या पिंपांबद्दल विचारलं.

"ती अजून इथंच आहेत," तो म्हणाला. "तीन-चार उघडली, मग पुढची उघडायची कुणाची हिंमत झाली नाही. गोठ्यामागं पडलीत. चरबीसाठी साबणवाला येऊन नेणार होता. तोही आला नाही. वास त्याच्यापर्यंत पोचला असेल."

"मला बघायचीत."

"कशाला?"

"एक पिंप माझ्या बायकोनं भरलेलं आहे."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठला.

गोठ्यामागं गवत पिंपांच्या कंबरेपर्यंत वाढलं होतं. उघडलेल्या पिंपांवर माश्या होत्या. मी झाकणं बघत गेलो. एक लूमिसांचं होतं. एक थँकफुलबाईंचं, त्यात काय होतं ते सांगत नाही. केझायाचं पिंप अगदी शेवटी होतं, न उघडलेलं. ती झाकणावर माझ्याकडून हंसाच्या पावलासारख्या तीन रेघा डागून घ्यायची. रेघा स्पष्ट होत्या. मी खाली वाकून कडं बघितलं. ते आपल्या जागेवरून बोटभर सरकलं होतं आणि त्याच्या काठाशी खुंटीचं डोकं होतं.

"ही माझीच खुंटी," झेडॉक म्हणाला.

व्हॅन झांटनं नाकाला रुमाल लावला. मी हातोडी काढली, तेवढ्यात झेडॉकनं माझा दंड धरला.

"ॲसाहेल, राहू दे. उघडू नकोस. मी गावात सांगतो, की पाणी मी सोडलं. तेवढं पुरे आहे. तिचं नावही राहील आणि तुझ्या पोरीचंही काम होईल. हे उघडून आत काय दिसायचं ते दिसलं, तर ते तुलाच घेऊन जगावं लागेल."

तो खरं बोलत होता. त्याच्यासारख्या माणसाकडून असं शहाणपण ऐकायची मला सवय नव्हती, म्हणून मी थांबलो. न उघडता परत गेलो असतो, तर गावाला पुरलं असतं. टेम्पीलाही पुरलं असतं.

"मला बघायचंय," मी म्हणालो.

मी वरची कडी ठोकून सैल केली, पिंपाच्या पोटाशी हातोडी मारली आणि झाकण उचललं. मागं दहा-बारा शिपाई जमले होते. ते सगळे एक पाऊल मागं सरकले.

वास आला तो ओकचा आणि मिठाचा. दुसरा कसलाच नाही.

मी हात घातला. पाणी गार होतं. वरचा तुकडा घट्ट होता, चरबी पांढरी, मांस गुलाबी. खालचा तसाच. त्याच्या खालचा काढताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. मूठ भरून बाहेर काढली, तर ते मीठ होतं. न विरघळलेलं, ओलं, दाणेदार मीठ, थराथरांत भरलेलं. ओढ्याचं गोडं पाणी झेडॉकनं आत ओतलं होतं, आणि आतल्या मिठानं त्या पाण्याची पुन्हा खारवणी केली होती. तेवढं मीठ एका पिंपात मी कधी पाहिलेलं नाही. तेवढ्यात दोन पिंपं झाली असती.

"हे काय केलंय?" व्हॅन झांट रुमाल खाली घेऊन म्हणाला.

शिपायांना उत्तर नकोच होतं. एकानं तुकडा उचलून जवळच्या चुलीवरच्या भांड्यात टाकलासुद्धा. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. बराच वेळ उकळल्यावर त्यांच्यातल्या कॉर्पोरलनं, बार्झिलाई नावाचा दाढीवाला माणूस होता, सुरीनं कापून एक घास तोंडात टाकला. त्याचे डोळे मिटले, मग पाणी आलं, मग त्यानं घास थुंकला.

"हे कुणी खारवलंय?" तो म्हणाला. "लॉटच्या बायकोनं?"

सगळे हसले. बायबलातली ती बाई, मागं वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेली. मलाही हसू आलं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं."

"तिला सांगा काका, आम्ही माणसं आहोत, खारवायचे कॉड मासे नाही."

"ती हिवाळ्यात वारली."

हसणं थांबलं. बार्झिलाईनं सुरीकडे बघितलं, मग भांड्याकडे. मग त्यानं दुसरा तुकडा कापला आणि न थुंकता चावत राहिला. त्याला ते किती जड जात होतं ते दिसत होतं.

"चालतंय," तो शेवटी म्हणाला. "भूक असली की चालतंय."

"तसं खाऊ नका," मी म्हणालो. "दोनदा पाणी बदला. पहिलं पाणी फेकून द्या."

"मीठ फेकायचं? या दिवसांत?" व्हॅन झांट म्हणाला. "ते पाणी माझ्याकडे आणा."

त्यांनी दोनदा पाणी बदललं. मग मीही खाल्लं. तरी खारटच होतं, पण खाली चव होती, तिच्या हातची. माझ्या शेजारी बसलेल्या शिपायानं माझ्यापुढं पाण्याचं मडकं सरकवलं. मी पाणी प्यालो आणि आणखी एक तुकडा घेतला.

व्हॅन झांटनं ते पिंप कोठीत घेतलं आणि बाकीची सडकी पुरायला सांगितली.

परत येताना गाडी रिकामी होती, तरी मी पायीच चाललो. मला विचार करायचा होता. थँकफुलबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. केझायाचा हात फिरला होता. चव लागेना, म्हणून ती मीठ घालतच गेली असणार. पण एवढं मीठ तिला मिळालं कुठून? गावानं तर मोजूनच दिलं होतं. मग आठवलं, की त्या हिवाळ्यात आमच्या घरची मिठाची पेटी रिकामी निघाली होती आणि आमचं डुकर आम्हाला धुरावर वाळवावं लागलं होतं. मला वाटलं होतं, आजारपणात कुणाचं लक्ष राहिलं नाही. ते मीठ छावणीत गेलं होतं.

आता तापात माणूस घरची पेटी सैन्याच्या पिंपात रिकामी करतं का? करतही असेल. पण केझाया जाणूनबुजून करणारी बाई होती.

"झेडॉक," मी म्हणालो, "पाणी सोडायचं तू तिला कधी बोलला होतास का?"

"कुणाला, केझायाला?" तो चालता चालता आठवू लागला. "बोललो असेन. तुमच्याकडे भाकर खायला यायचो तेव्हा मी काय काय बोलायचो ते मला तरी कुठं आठवतंय. तिनं एकदा विचारलं होतं खरं, की तुझे बैल परत येतात ते जातानापेक्षा चांगले कसे दिसतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"मीठ चाटतात म्हणालो असेन."

"कुठलं मीठ, असं तिनं विचारलं?"

"ॲसाहेल, मला खरंच आठवत नाही रे."

रस्ताभर मी त्याला विचारत राहिलो. तोही बिचारा आठवत राहिला.

आमच्याकडे ज्याच्या हातून सगळ्यांचं नुकसान झालं, त्यानं रविवारी चर्चमध्ये उभं राहून ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. झेडॉक गाव जवळ येईल तसतसा गप्प होत गेला. "मी चोरी केली नाही, प्यालो नाही," तो म्हणाला. "बैलांवर दया केली. त्यासाठी उभं राहायचं?" गावात सांगतो, असं त्यानंच केझायाच्या पिंपाजवळ कबूल केलं होतं, पण मी त्याला त्याची आठवण करून दिली नाही.

रविवारी प्रवचन संपलं आणि तो उठला. बैलांशी दिवसभर बोलणारा माणूस, पण माणसांपुढं तो हातातल्या टोपीकडे बघत बोलला.

"पिंपांतलं पाणी मी सोडलं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या. गाडी हलकी व्हावी म्हणून. वर ओढ्याचं भरलं. मला वाटलं पाणी ते पाणी. रूटबाईंचं मांस त्यानं सडलं. माझ्या वहिनीचं सडलं. केझाया टटलचं सडलं नाही." तो बसायला लागला, मग पुन्हा उठला, कारण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "पण खाण्यासारखंही फारसं नव्हतं. फार खारट."

चर्चमध्ये हसायची रीत नाही. पण बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं, आणि मग बऱ्याच जणींना खोकला आला.

बाहेर आल्यावर थँकफुल रूट सरळ आमच्याकडे आल्या. त्या माफी मागतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे किती मीठ घातलं होतं तिनं?"

"मूठ घातली तर मुठीत मीठच येत होतं," मी म्हणालो.

"थरात की तळाशी?"

"थरात. तळाशीही."

"मी म्हणाले होते हात फिरला," त्या म्हणाल्या. "फिरलाच होता की."

"फिरला असेल."

"हं," थँकफुलबाई म्हणाल्या. मग टेम्पीकडे वळल्या. "तुझं मीठ मंगळवारी येईल. डीकन स्वतः आणून देतील. आणि तू किती घालतेस ते मला सांग. मीही यंदा तसंच घालेन म्हणते. गाडीवानांचा काय भरवसा."

डुकरं कापायचे दिवस आले. मी नवी पिंपं करून ठेवली होती. टेम्पीनं पहिलं पिंप भरायला घेतलं, दोन थर भरले आणि थांबली.

"बाबा, आईसारखं घालू की शेवटच्या वेळी आईनं घातलं तसं?"

मी सांगितलं, की मला माहीत नाही. शेवटच्या वेळी तिला चव नव्हती म्हणून ती घालत गेली, की रस्त्यात काय होतं ते ठाऊक असल्यामुळं, ते मला कळलेलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?"

"सकाळी एक वाटतं आणि संध्याकाळी दुसरं."

तिनं थोडा विचार केला आणि आणखी एक मूठ टाकली. मोठी नाही, लहानही नाही.

झेडॉक हल्ली शनिवारी आमच्याकडे येतो. टेम्पी त्याला मक्याची भाकर आणि काकवी देते, आणि मी त्याला विचारतो, की त्या दिवशी केझायाला तू नक्की काय म्हणालास. दर वेळी त्याला काहीतरी नवं आठवतं. एकदा ती चुलीपाशी उभी होती, एकदा दारात. एकदा त्यानं तिला ओढ्याचं सांगितलं होतं आणि ती हसली होती. गेल्या शनिवारी तो म्हणाला, की ती हसली नाही, तिनं त्याला चुलीतल्या सळईनं मारायची धमकी दिली.

"मागच्या खेपेला तुम्ही दुसरं सांगितलंत, झेडॉककाका," टेम्पी म्हणाली.

"दोन्ही झालं असेल," तो म्हणाला. "मी पुष्कळदा यायचो."

मी त्याला आणखी एक भाकर वाढली आणि विचारलं, की मग पुढं ती काय म्हणाली.